काल २३५, आज २२०: एफटीपी आणि व्हीओटू मॅक्सचे आकडे अचानक का बदलतात?

ठाणे आणि नवी मुंबईत पॉवर मीटर, स्मार्ट ट्रेनर किंवा घड्याळ वापरून सायकल चालवणाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी दोन शब्द. एफटीपी म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारी जास्तीत जास्त पॉवर, वॅटमध्ये. व्हीओटू मॅक्स म्हणजे पूर्ण जोर लावल्यावर शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा. पॉवर मीटर म्हणजे पेडल किंवा क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) बसून पायाची पॉवर मोजणारा सेन्सर, आणि स्मार्ट ट्रेनर म्हणजे घरात सायकल जागेवरच चालवायचं, पॉवर मोजणारं यंत्र.

एका रात्रीत एफटीपी १५ वॅटनी पडला. फिटनेस गेला का?

नाही. शरीर इतक्या घाईत नसतं. सराव वाढवला तर आकडा आठवड्या-आठवड्याने चढतो, बंद केला तर तसाच हळूहळू उतरतो. एका दिवसात पायरी पडल्यासारखा बदल दिसला तर आधी सेन्सर, सेटिंग किंवा हिशेबाची पद्धत तपासायची. आठवडे-महिने चाललेला उतार दिसला तर शरीराकडे बघायचं. ताप, जुलाब, रक्तदान असे अपवाद आहेत, पण ते घडल्याचं तुम्हाला माहीत असतं.

शिवाय थोडी हालचाल ही मीटरची स्वतःचीच असते. ±२ टक्के अचूकतेचा मीटर २०० वॅटला १९६ ते २०४ काहीही दाखवू शकतो आणि तरी तो बिघडलेला नसतो. ३-४ वॅटच्या फरकासाठी रात्रीची झोप घालवू नका, कारण झोप कमी झाली की उद्याचा आकडा खरंच पडेल.

मग तपासणी कुठून सुरू करू?

बदल कुठल्या तारखेपासून दिसतो ते आलेखावर शोधा आणि त्या तारखेच्या आदल्या आठवड्यात काय बदललं ते आठवा. सेल बदलला, पेडल काढून परत लावली, फर्मवेअर (मीटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झालं, नवीन क्रँक बसवला, वजनकाटा अ‍ॅपला जोडला, बाहेरची राइड सोडून ट्रेनरवर बसलात, यांपैकी एखादी गोष्ट बहुतेक वेळा सापडते. नंतर एक जुनी आणि एक नवी राइड शेजारी ठेवा. तोच चढ, दिवसाची साधारण तीच वेळ, तसंच हवामान. चढाला लागलेला वेळ सारखा, वजन सारखं, पण वॅट १५ ने कमी, तर मीटर कमी मोजतोय. गुरुत्वाकर्षण कुणाला सवलत देत नाही. यासाठी ठाण्यातला येऊरचा चढ नवी मुंबईतल्या सपाट पाम बीच रोडपेक्षा कितीतरी चांगला: चढावर वेग कमी असल्याने वाऱ्याचा वाटा लहान राहतो, सपाटीवर मात्र सगळा खेळ वाऱ्याचाच.

घड्याळातला व्हीओटू मॅक्स नेमका येतो कुठून?

प्रयोगशाळेत तोंडावर मास्क लावून ऑक्सिजन मोजतात. घड्याळ तसं काही मोजत नाही. इतक्या वॅटला हृदयाचे इतके ठोके पडले, म्हणजे कमाल ठोक्यांपर्यंत हा माणूस किती वॅट काढू शकेल, असा तो अंदाज असतो. त्याला वजनाने भागलं की किलोमागे किती मिलिलीटर ऑक्सिजन तो आकडा मिळतो. म्हणजे वॅट, ठोके, कमाल ठोके आणि वजन या चारांपैकी एक चुकला की उत्तर चुकलं.

कंपनीगणिक नियमही वेगळे आहेत. गार्मिनला सायकलिंगच्या व्हीओटू मॅक्ससाठी पॉवर मीटर आणि हार्ट रेट दोन्ही लागतं, आणि धावण्याचा आकडा तो वेगळा ठेवतो. अ‍ॅपल वॉच 'कार्डिओ फिटनेस' हा आकडा बाहेरच्या चालण्या, धावण्या आणि हायकिंगवरून काढतं. सायकलची राइड त्यात धरलीच जात नाही. त्यामुळे महिनाभर फक्त सायकल चालवली आणि एकदा जेवणानंतर भाजी आणायला निघताना चुकून वर्कआउट सुरू केला, की त्या रमतगमत चालण्यावरून तुमचं मूल्यमापन होऊ शकतं. एफटीपीचा अंदाज मात्र अ‍ॅपल वॉच २०२३ च्या वॉचओएस १० पासून देतं, तोही ब्लूटूथ पॉवर मीटर जोडला असेल तरच.

झीरो ऑफसेट किती वेळा करायचा? 'कॅलिब्रेट' दाबलं की झालं ना?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

पॉवर मीटरच्या आत स्ट्रेन गेज असतात. धातू किंचित वाकला की त्यांचा विद्युत रोध बदलतो आणि त्यावरून टॉर्क (क्रँक फिरवणारा जोर) कळतो. पायाचा जोर शून्य असताना गेज काय दाखवतो ते मीटरला सांगणं म्हणजे झीरो ऑफसेट. तापमान बदललं की हे शून्य सरकतं. बऱ्याच मीटरमध्ये तापमानाची भरपाई असते, पण सायकल एसीच्या खोलीतून २४ अंशांवरून काढून लगेच ३१ अंशांत चालवायला घेतली, तर पहिली १०-१५ मिनिटं धातू अजून तापत असतो. घरातच झीरो करून निघालात तर ते शून्य बाहेरच्या हवेसाठी शिळं झालेलं असतं.

योग्य पद्धत अशी: सायकल गॅलरीत किंवा खाली पार्किंगमध्ये १५-२० मिनिटं राहू द्या. किंवा दहा मिनिटं हलकी चालवा, थांबा आणि मग करा. पाय पेडलवरून पूर्ण काढा, क्लिप अडकलेली नको. सायकल सरळ उभी, क्रँक उभा, म्हणजे एक पेडल खाली ६ वाजता. काही मीटरना क्रँक आडवा लागतो, ते त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात बघा. सायकल भिंतीला अशी टेकवू नका की पेडल भिंतीला लागेल. आलेला आकडा लिहून ठेवा. तो बरोबर किती हवा हे मॉडेलप्रमाणे बदलतं. आपल्याला त्याची सवय हवी. रोज थोडा मागेपुढे होणारा आकडा ठीक. एकदम मोठी उडी मारून तिथेच बसलेला, किंवा लागोपाठ तीनदा केल्यावर तीन वेगळी उत्तरं देणारा ठीक नाही. तेव्हा सेल, पेडलची घट्ट बसणी आणि क्रँकचा बोल्ट बघायचा.

चूक झाल्यास किती फरक पडतो? शून्य १ न्यूटन मीटरने चुकलं तर ९० कॅडन्सला (मिनिटाला पेडलच्या ९० फेऱ्या) सुमारे ९.४ वॅट, ६० कॅडन्सला ६.३ वॅट. ही चूक जोरावर अवलंबून नसते. १२० वॅटला जेवढी, २८० ला तेवढीच. क्रँकची लांबी चुकीची टाकली असेल तर मात्र चूक टक्क्यांत पडते आणि जोर वाढेल तशी वाढते. हा फरक ओळखता आला की निम्मं निदान झालं. ट्रेनरवर कॅडन्स ९० ठेवून १२०, १८० आणि २४० वॅटला पाच-पाच मिनिटं चालवा, ट्रेनर आणि पॉवर मीटर दोन वेगळ्या उपकरणांवर रेकॉर्ड करा. तिन्ही ठिकाणी ९ वॅटचा फरक असेल तर शून्य सरकलंय. फरक ५, ७, १० असा वाढत गेला तर मोजपट्टीच चुकलीय.

पॉवर मीटर खरा बोलतोय का, हे घरी तपासता येतं?

येतं, आणि खर्च जवळपास नाही. माहीत असलेलं वजन पेडलला टांगायचं आणि टॉर्क वाचायचा. त्यासाठी हेड युनिट (हँडलबारवरचा सायकल कॉम्प्युटर) किंवा अ‍ॅपवर टॉर्क दिसायला हवा.

वजन मात्र खरं हवं. जिमच्या १० किलोच्या प्लेटवर '१०' छापलेलं असतं एवढंच. त्या बऱ्याच कमी-जास्त भरतात. ओळखीच्या वाण्याकडे वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असलेली वजनं असतात, ती तासाभरासाठी मागा, किंवा तुमची प्लेट त्याच्या काट्यावर मोजून आणा. दोरी किंवा पट्टाही त्यातच मोजायचा.

आधी झीरो ऑफसेट. मग चेन चढवलेली ठेवून मागचा ब्रेक आवळा, क्रँक पुढे आडवा, बरोबर ३ वाजता. पट्टा पेडलच्या मधोमध टाका आणि वजन हलायचं थांबू द्या. १० किलो आणि १७० मिलिमीटर क्रँकला हिशेब: १० × ९.८१ × ०.१७० = १६.७ न्यूटन मीटर. १७२.५ च्या क्रँकला १६.९. मीटर १६.० दाखवत असेल तर तो ४ टक्के कमी मोजतोय, म्हणजे खरे २५० वॅट स्क्रीनवर २४० दिसतील. क्रँक दहा अंश वर-खाली झाला तरी उत्तर दीड टक्का घसरतं, त्यामुळे मोबाइलमधलं लेव्हल अ‍ॅप क्रँकवर ठेवून बघा. तीनदा करा. दोन्ही बाजूंचे सेन्सर असतील तर दोन्हीकडे करा.

पेडल काढून दुसऱ्या सायकलवर लावली आणि आकडा बदलला.

क्रँकची लांबी बदलली का? पेडलमधला मीटर जोर मोजतो आणि त्याला लांबीने गुणतो. १६५ च्या क्रँकवर सेटिंग १७५ राहिलं तर वॅट ६ टक्के जास्त दिसतील. हे सुख मात्र पहिल्या चढाला संपतं. पेडल कंपनीने सांगितलेल्या टॉर्कवर आवळली नसतील तरी पहिल्या काही राइडमध्ये आकडा हलतो. दोन-चार जोरदार स्प्रिंट मारून पुन्हा झीरो करा.

माझा मीटर फक्त डाव्या बाजूचा आहे. काही बिघडतं का?

तो डाव्या पायाची पॉवर मोजून दुप्पट करतो. डावा ५२ टक्के काम करत असेल तर खरे २५० वॅट २६० दिसतात. दमल्यावर किंवा डावा गुडघा दुखत असताना तोच पाय ४९ वर आला, तर त्याच २५० चे २४५ होतात. तुमची ताकद तशीच, आकड्यात मात्र १५ चा खड्डा. डाव्या बाजूचा मीटर रोजच्या सरावाला पुरतो. दुखापतीतून परत येतानाच्या काळात त्याच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका.

अंडाकृती चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) बसवली असेल तर पूर्ण फेरीचा सरासरी वेग धरणारे मीटर काही टक्के जास्त दाखवतात. चेनरिंग बदलल्याच्या दिवशीच 'प्रगती' झाली असेल तर ती इथली.

ट्रेनरवर २२०, बाहेर २३५. खरा कोणता?

दोन्ही खरे असू शकतात. पेडल किंवा क्रँकवरचा मीटर चेनच्या आधी मोजतो, ट्रेनर चेनच्या नंतर. वाटेत २ ते ५ टक्के गळती होते, आणि पावसाळ्यात चिखल-तेलाने काळी झालेली चेन त्यात भर घालते. त्यावर उष्णता. बंद खोलीत फक्त छतावरच्या पंख्याखाली तासभर ट्रेनर चालवला की घाम सुकत नाही, ठोके वाढत जातात आणि शेवटची मिनिटं हातातून जातात. समोर जमिनीवर मोठा पंखा ठेवा आणि वारा थेट छातीवर येऊ द्या.

व्हील-ऑन ट्रेनरला (ज्याच्या रोलरला मागचं चाक टेकतं) दर वेळी तीच टायरची हवा, तोच दाबाचा स्क्रू आणि १०-१५ मिनिटं गरम झाल्यावर स्पिनडाउन, म्हणजे चाक वेगात फिरवून आपोआप थांबू देत केलेलं ट्रेनरचं कॅलिब्रेशन. थंड ट्रेनरवर केलेलं स्पिनडाउन न केल्यासारखंच.

एक गुपचूप होणारी गडबड: घरात हेड युनिटला ट्रेनर आणि पॉवर मीटर दोन्ही सापडतात आणि तो स्वतःच एक निवडतो. मंगळवारी ट्रेनर, गुरुवारी पेडल. अ‍ॅप दोन्ही राइड एकाच माणसाच्या, एकाच मापाच्या समजून आलेख काढतं. फाइलमध्ये पॉवरचा स्रोत कोणता लिहिलाय ते उघडून बघा आणि नको असलेला सेन्सर यादीतून बंद करा.

हार्ट रेटमुळे व्हीओटू मॅक्स कसा फसतो?

मनगटावरचा सेन्सर त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताचा प्रवाह वाचतो. हँडलबार घट्ट धरला, मनगट वाकलं, रस्त्याचे धक्के बसले की वाचन बिघडतं. घोडबंदर रोडवर तो ठोके मोजतो की खड्डे, हे सांगणं कधीकधी अवघड. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि घट्ट बांधा. पण वॅटशी जुळवून अंदाज काढायचे असतील तर छातीचा पट्टाच वापरा.

पट्टाही गैरसमज करून देतो. कोरडा लावला तर पहिली दहा मिनिटं वेडेवाकडे आकडे येतात. इलेक्ट्रोड पाण्याने ओले करूनच लावा. आपल्याकडच्या दमट हवेत घामाचं मीठ पट्ट्यात साचतं, म्हणून प्रत्येक राइडनंतर साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा, आणि पॉड (पट्ट्यावरचा सेन्सर) काढून ठेवा. ओल्या पट्ट्यावर तो चालूच राहतो आणि सेल संपवतो. नवीन सीआर २०३२ (नाण्यासारखा सेल) टाकूनही सिग्नल तुटत असेल तर सेल बघा: लहान मुलांनी गिळू नयेत म्हणून कडू लेप दिलेले सेल काही उपकरणांत नीट संपर्क देत नाहीत.

आता खरा घोळ. पट्ट्याने एका क्षणासाठी २१४ दाखवलं आणि घड्याळात 'कमाल हार्ट रेट आपोआप शोधा' चालू होतं. घड्याळाने तुमची कमाल १८४ वरून २१४ केली. दुसऱ्या दिवशी १५० ठोक्यांवर चालवलेली राइड त्याला अगदी निवांत वाटते आणि व्हीओटू मॅक्स वर उडतो. उलट, वय टाकून २२० वजा वय या सूत्राने कमाल कमी धरली गेली असेल तर तो विनाकारण खाली राहतो; त्या सूत्रात १०-१२ ठोक्यांचा फरक अगदी सामान्य आहे. आपोआप शोधणं बंद करा आणि स्वतः बघितलेला आकडा टाका, तोही सायकलवरचा. धावतानाची कमाल साधारणपणे काही ठोक्यांनी जास्त असते.

रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर सुरू झालं असेल तर ठोके दबतात आणि घड्याळ तुम्हाला जास्त फिट समजतं. तिथे घड्याळाचं ऐकू नका. गोळी तर त्याच्यासाठी मुळीच बंद करू नका.

एप्रिल-मे मध्ये दरवर्षी आकडा पडतो. का?

दमट उकाडा. घाम येतो पण वाळत नाही, शरीर थंड करायला रक्त त्वचेकडे वळतं, पाणी कमी होतं, आणि त्याच १८० वॅटला तासाभरात ठोके १०-१५ ने चढतात. घड्याळाला वाटतं, दम कमी झाला. गार्मिनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये २२ अंशांवरच्या हवेसाठी दुरुस्ती असते, पण हवामानाची माहिती फोनकडून येते. फोन घरी ठेवून निघालात तर ती दुरुस्तीही घरीच राहिली.

राइडचा पहिला आणि दुसरा अर्धा भाग वेगळा करून वॅट भागिले ठोके काढा. दुसऱ्या भागात हे गुणोत्तर ५ टक्क्यांहून जास्त पडलं असेल तर त्या दिवशीचा व्हीओटू मॅक्स सोडून द्या. पहाटे साडेपाचला निघालेल्या राइडची तुलना नऊच्या उन्हातल्या राइडशी करायची नाही.

वजन बदललं तर एवढा फरक?

व्यायामशाळेतल्या सायकलसाठी एक जुनं सूत्र आहे: वॅट गुणिले १०.८, भागिले वजन, अधिक ७. २०० वॅटला ७० किलोच्या माणसाचं उत्तर ३७.९ आणि ७४ किलोच्या माणसाचं ३६.२. पाय तेच. आता घरातला स्मार्ट काटा आठवा. भावाने त्यावर उभं राहून तुमच्याच नावावर ८३ किलो नोंदवले की घड्याळ रात्रीतून तुम्हाला खालच्या वर्गात बसवतं. नोंद पुसा, काट्यावर प्रत्येकाचं वेगळं खातं काढा.

३ मिनिटांचा विक्रम केला आणि एफटीपी खाली आला! हे कसं शक्य आहे?

बरीच मॉडेल एफटीपीचा अंदाज क्रिटिकल पॉवरवरून, म्हणजे बराच वेळ टिकवता येणाऱ्या पॉवरवरून काढतात. तिचं साधं गणित बघा. ३ मिनिटं ३०० वॅट म्हणजे ५४,००० जूल. १२ मिनिटं २४० वॅट म्हणजे १,७२,८०० जूल. दोन्हींतला फरक १,१८,८०० जूल, वेळेतला फरक ५४० सेकंद. भागाकार २२० वॅट. आता येऊरवर तुम्ही ३ मिनिटं ३२० वॅट काढले, १२ मिनिटांचा आकडा जुनाच. ३२० चे ५७,६०० जूल, फरक १,१५,२०० आणि भागाकार २१३. तुम्ही सुधारलात आणि मॉडेलने ७ वॅट कापले, कारण त्याने ती सुधारणा छोट्या, स्फोटक साठ्याच्या खात्यात टाकली: तो १४.४ वरून १९.२ किलोजूल झाला. उपाय एकच, १०-१२ मिनिटांचा प्रयत्नही ताजा करा.

याच्या उलट, मीटरने एका सेकंदाला १,९०० वॅट अशी खोटी उडी नोंदवली तरी मॉडेल वाकडं होतं. ती उडी फाइलमध्ये शोधून काढून टाका.

काहीच केलं नाही, तरी आकडा पडला.

म्हणूनच पडला. बहुतेक मॉडेल मागच्या ६ आठवड्यांतले किंवा ९० दिवसांतले सर्वोत्तम प्रयत्न धरतात. तुमची जोरदार राइड त्या खिडकीबाहेर गेली की आकडा घसरतो. गणपतीच्या दिवसांत सायकल कोपऱ्यात होती म्हणून नव्हे, तर जूनमधली राइड सप्टेंबरात मुदतबाह्य झाली म्हणून.

२० मिनिटांची टेस्ट इथे कुठे करायची?

पाम बीचवर सिग्नल आहेत, येऊरचा चढ २० मिनिटं पुरत नाही, घोडबंदरचं नावच नको. रहदारीत डोकं खाली घालून टेस्ट करणं हा मूर्खपणा आहे, ट्रेनरवर करा. २० मिनिटांच्या सरासरीचे ९५ टक्के म्हणजे एफटीपी, पण मूळ पद्धतीत त्याआधी ५ मिनिटं पूर्ण जोर लावायचा असतो. तो टप्पा गाळला तर उत्तर फुगतं. रॅम्प टेस्टमध्ये (पायरीपायरीने जोर वाढवत पाय थांबेपर्यंत) सर्वोत्तम १ मिनिटाचे ७५ टक्के धरतात. स्प्रिंटमध्ये ताकदवान रायडरना ती जास्त आकडा देते. एक पद्धत निवडा आणि त्याच पद्धतीची तुलना करत राहा.

पॉवर मीटर नाही, स्ट्रॅव्हा अ‍ॅपचे अंदाजी वॅट चालतील?

सपाटीवर नाही. त्यात वारा आणि दुसऱ्याच्या मागे लपून चालवणं धरलेलं नसतं. वाशीहून बेलापूरकडे पाठीवर वारा असताना तुम्ही 'फिट' असता, परत येताना नसता.

शरीरातच काही बिघडलंय, हे कधी समजायचं?

मीटर तपासला, पट्टा बदलला, तरी त्याच वॅटला नेहमीपेक्षा १० ठोके जास्त, सकाळचे विश्रांतीतले ठोकेही चढलेले आणि हे आठवडाभर चाललंय, तर ते सेन्सरचं काम नाही. ताप येऊन गेला असेल तर वेळ द्या. शिबिरात रक्त दिलं असेल तर पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरतो, लाल पेशींना कित्येक आठवडे लागतात. तोवर आकडा खाली राहणारच, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. कारण सापडत नसेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. छातीत दुखणं, धडधड, चक्कर किंवा राइडमध्ये अंधारी आली तर आलेख बंद करून थेट डॉक्टरकडे.

मीटर कमी मोजतोय याची खात्री झाली. सर्व्हिसला देताना काय पाठवू?

मॉडेल, सीरियल नंबर, फर्मवेअरची आवृत्ती, महिनाभराचे झीरो ऑफसेट आणि वजन टांगून घेतलेली तीन वाचनं, क्रँकच्या लांबीसकट. सेलचं झाकण उघडून रबरी रिंग आणि संपर्काचे फोटो काढा. पावसात प्रेशर पंपाने सायकल धुतली असेल तर हिरवट गंज तिथेच दिसतो. हेड युनिटमधली मूळ फिट फाइल (.fit, राइडची कच्ची नोंद) जोडा. अ‍ॅपमधून बनवलेली जीपीएक्स नको, तिच्यात सेलची पातळी आणि डावं-उजवं प्रमाण राहत नाही, आणि समोरचा माणूस नेमकं तेच मागतो.